परसात गोणीतला बटाटा



गव्हाणीत मोळी पडली आणि तोडणीच्या टोळ्या फडात उतरल्या की आपल्या सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागते : आपली तोड कधी येणार. त्या गडबडीत परसदाराकडे बघायला कोणाला सवड नसते. परंतु नेमक्या याच दिवसांत, म्हणजे दिवाळी आटोपल्यापासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, परसात एक पीक लावून घेण्यासारखे आहे. त्याला ना गुंठाभर जमीन लागते, ना औत, ना पाटाची पाळी. ते पीक म्हणजे बटाटा; आणि तो लावायचा जमिनीत नव्हे, तर खताच्या रिकाम्या गोणीत.

हे लिहिण्यास कारण झाले ते असे. अलीकडे मोबाईलवर गोणीतल्या बटाट्याच्या चित्रफिती पुष्कळ फिरतात. गोणी कमरेएवढी उंच, पाला वरून ओसंडलेला, आणि शेवटी गोणी उलथली की पाटीवर पाटी बटाटे. त्या पाहून आपल्याकडेही काही घरांतून प्रयोग झाले. पाला गुडघ्याच्या वर आला, सगळे खूश झाले, आणि गोणी उलथली तेव्हा खाली निघाले गोट्यांएवढे चार-सहा बटाटे. मग "आपल्या हवेत बटाटा येतच नाही" असा निकाल लागला. हा निकाल बरोबर नाही. हवेचा दोष थोडा, वेळेचा आणि बेण्याचा जास्त, आणि काही ठिकाणी विहिरीच्या पाण्याचा. पाण्याची गोष्ट पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण ती बटाट्यापुरती नाही.

ऊसवाल्याला बटाटा परका नाही

बटाटा जमिनीखाली येतो म्हणून आपण त्याला मुळा-गाजरात धरतो. तो मूळ नव्हे; ते खोड आहे. उसाच्या कांडीवर जसा डोळा असतो तसेच बटाट्यावर डोळे असतात, आणि त्या डोळ्यातूनच नवे झाड येते. म्हणजे उसाची टिपरी आणि बटाट्याची फोड ही एकाच जातीची गोष्ट झाली. दोन्ही पिके बियांपासून नव्हे, बेण्यापासून घ्यावयाची. दोन्हींना भर लागते. दोन्हींचे बेणे जुने झाले की उतरते. ज्याने वीस वर्षे ऊस लावला त्याला बटाट्याचे निम्मे शास्त्र अगोदरच येते, फक्त त्याला ते ठाऊक नसते.

हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच, थंड प्रदेशातले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले व त्यांचा 'बटाटा' हा शब्दही आपल्या भाषेत राहिला. उत्तरेत तेच आलू. थंड डोंगरातले पीक, एवढे एक ध्यानात ठेवले तरी त्याच्या पुष्कळशा खोडी उमगतात.

महाराष्ट्रात बटाटा होतो तो कोठे, हेही पहा. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव. साताऱ्याकडे खटाव, पुसेगावचा भाग. जमीन हलकी ते मध्यम, निचऱ्याची, हवा कोरडी-थंड. आपली ऊसपट्ट्यातली कालव्याखालची काळी भारी जमीन याच्या अगदी उलट. ओली असताना चिकटते, वाळली की दगड. तीत बटाटा फुगायला जागाच मिळत नाही, आणि पाणी साचले की सडतो. म्हणून गोणी. गोणीचा खरा उपयोग जागा वाचवण्यासाठी नाही, आपल्या मनासारखी माती देण्यासाठी आहे. ज्यांची घरामागची जमीन क्षारपड होऊन बसली आहे, जेथे मेथीसुद्धा धड उगवत नाही, त्यांनाही गोणीत भाजी घेता येते.

रात्रीची थंडी

बटाट्याचा पाला उन्हात वाढतो, पण बटाटा धरतो तो रात्रीच्या थंडीने. मातीचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पोषण उत्तम होते. 30 च्या वर गेले तर बटाटा धरणेच थांबते. पाल्याने दिवसभर केलेली साखर गरम रात्री झाड स्वतःच खर्च करून टाकते, खाली साठवायला काही उरत नाही. (ऊसवाल्यास हे नवे नाही. थंडी पडल्याशिवाय उतारा चढत नाही, हे आपण दर हंगामात पाहतो.)

यावरून लावणीची वेळ ठरते. नवरात्रात लावलेली गोणी ऑक्टोबरच्या उन्हात भाजते. पौषात लावलेली गोणी ऐन फुगवणीत फाल्गुनाच्या उन्हात सापडते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा आपला काळ. फार तर नोव्हेंबर संपेपर्यंत. 80 ते 95 दिवसांत पीक हाती येते, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. पुणे जिल्ह्यात पावसाळी बटाटाही घेतात, पण तिकडची पावसाळी हवा थंड असते. आपण पावसात गोणी लावण्याच्या भानगडीत पडू नये.

गोणी ठेवायची तीही विचाराने. सकाळपासून सहा-सात तास ऊन हवे. आंब्याखाली ठेवून चालणार नाही. पण पश्चिमेच्या भिंतीला टेकवून किंवा स्लॅबवर ठेवू नये, भिंत व स्लॅब रात्रीपर्यंत तापलेले राहतात. त्याच कारणाने काळ्या रंगाचे पिंप किंवा काळी प्लॅस्टिकची पिशवी नको. पांढरी गोणी बरी.

बेणे

इथेच सर्वांत जास्त चुकते, म्हणून इथे थोडे थांबू.

बाजारातून भाजीसाठी आणलेला बटाटा लावला तर उगवतो का? कधी उगवतो, कधी नाही. नुकताच काढलेला नवा बटाटा लावला तर तो महिना-दीड महिना मातीत तसाच पडून राहतो, कारण काढणीनंतर साधारण दोन ते अडीच महिने बटाटा झोपेत असतो. त्याला सुप्तावस्था म्हणतात. शीतगृहातून निघालेला बटाटा लवकर फुटतो, परंतु खाण्याच्या बटाट्यास कोंब येऊ नयेत म्हणून कधी कधी औषधाची धुरी दिलेली असते. तो फुटत नाही, किंवा फुटला तरी कोंब रोगट निघतो. आणि समजा फुटला, तरी त्यात विषाणूरोग आहे की नाही हे वरून कळत नाही.

बेण्यातून येणाऱ्या रोगाची ही गोष्ट ऊस उत्पादकांस समजावून सांगायला नको. गवताळ वाढीच्या बेटातले बेणे वापरले तर पुढच्या वर्षी काय होते हे आपण पाहिले आहे. म्हणून तर आपण मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असे तीन पायऱ्यांचे बेणेमळे करतो. बटाट्यातही तेच. मावा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि विषाणू पसरवतो. झाड मरत नाही, पण दरसाल बटाटा लहान होत जातो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्यास सुरू झाली आणि 1956 साली सिमल्यास गेली. उत्तरेच्या सपाटीवर मावा कमी असतो त्या थंडीच्या महिन्यांत बेण्याचे पीक घ्यावयाचे, आणि मावा वाढण्याच्या आत पाला कापून टाकावयाचा, ही पद्धत या संस्थेने बसवून दिली. तेव्हापासून सपाटीवरही चांगले बेणे तयार होऊ लागले व डोंगरातून बेणे आणण्याची गरज पुष्कळशी संपली. आज आपल्याकडे येणारे बरेचसे बेणे पंजाबातून येते.

तेव्हा खेड-मंचरकडे कोणी पाहुणा-रावळा असेल तर त्याच्याकडून बेण्याचे दोन किलो बटाटे मागवावेत. दहा गोण्यांना पुरून उरतात. वाणांची नावे बहुधा 'कुफरी' या शब्दाने सुरू होतात. कुफरी हे सिमल्याजवळचे गाव. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज हे वाण आपल्याकडे परिचयाचे आहेत. कुफरी लवकर हा 1972 चा वाण खास दख्खनच्या पठारासाठी दिला गेला, आणि नावातला शब्द आपल्याच भाषेतला आहे. कुफरी सूर्या हा 2006 चा वाण उष्णता जरा जास्त सोसतो. परसासाठी जो मिळेल तो घ्यावा. वाणापेक्षा बेण्याचा निरोगीपणा महत्त्वाचा.

आणलेले बेणे लगेच लावू नये. पडवीत, जेथे उजेड आहे पण ऊन नाही अशा जागी, पाटीत किंवा डालग्यात एक थर पसरून दहा-पंधरा दिवस ठेवावे. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले म्हणजे बेणे तयार झाले. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला येणारे लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात. त्यांचा उपयोग नाही.

कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा असेल तर तो कापू नये, अख्खाच लावावा. गोणीत ओल जास्त राहते आणि कापलेली फोड सडण्याचा धोका असतो. बटाटा मोठाच असेल तर प्रत्येक फोडीस निदान दोन डोळे राहतील आणि फोड 40 ग्रॅमच्या खाली जाणार नाही असे कापावे. एक बटाटा आतून काळा, तपकिरी दिसला तर तो टाकून द्यावा आणि विळी किंवा चाकू उकळत्या पाण्यात बुडवून मगच पुढचा कापावा. फोडी सावलीत एक दिवस पसरून कापलेली बाजू सुकू द्यावी. लिटरला अडीच ते तीन ग्रॅम मॅन्कोझेब घेऊन त्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून वाळवल्यास अधिक चांगले. उसाच्या टिपरीला आपण बेणेप्रक्रिया करतो, त्याचाच हा भाऊ.

गोणी आणि माती

युरियाची 45 किलोची विणलेली गोणी घ्यावी. ती दोनदा पाण्यात बुडवून धुवावी व आत प्लॅस्टिकची पिशवी असल्यास काढून टाकावी, नाहीतर पाणी निघणार नाही. तळाशी व तळाजवळच्या कडेला दाभणाने आठ-दहा भोके पाडावीत. गोणीची वरची कड बाहेरून गुंडाळत निम्म्यावर आणावी. जसजशी माती वाढेल तसतशी गुंडाळी उलगडायची. गोणी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी खालून सुटते.

एक इशारा. तणनाशकाचे कॅन, कीटकनाशकाच्या बादल्या किंवा पिशव्या कितीही धुतल्या तरी खाण्याच्या पिकासाठी वापरू नयेत. आणि हुमणी किंवा वाळवीच्या भीतीने कोणी गोठ्याच्या माळ्यावर पडलेले जुने थायमेट मूठभर गोणीत टाकू नये. फोरेट म्हणजे थायमेट. त्याच्यावर 2020 अखेरीपासून देशात बंदी आहे. ते उसाच्या सरीत घालतानाही जहालच होते. गोणीतल्या तीन झाडांखाली ते घालून तो बटाटा मुलांच्या ताटात वाढणे म्हणजे घात आहे.

माती अशी करावी : दोन घमेली पोयट्याची तांबडी माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, एक घमेले कुजलेले पाचट. तांबडी माती नसेल तर काळ्या मातीत निम्मी नदीची किंवा ओढ्याची जाड वाळू मिसळावी. प्रेसमड चालेल, पण वर्षभर कुजलेला. ताजा प्रेसमड तापतो आणि कोंब भाजतो. डिस्टिलरीचा स्पेंटवॉश मिसळून केलेल्या कंपोस्टात क्षार जास्त असतात, ते पाच भागांत एका भागापेक्षा जास्त नको. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या वाफ्यातली माती घेऊ नये. ती बटाट्याची भावकी आहे. त्यांचा रोग यालाही लागतो.

एका गोणीच्या मातीत मूठभर, म्हणजे 30 ते 40 ग्रॅम, 10:26:26 मिसळावे. बस. उसाला पोत्याने खत ओतायची आपल्याला सवय, तो हात इथे आखडता घ्यावा. युरिया जास्त झाला की पाला गर्द हिरवा होतो, शेजारी-पाजारी कौतुक करतात, आणि बटाटा धरायचा राहून जातो. पुढे भर देताना गोणीस चहाचा एक चमचा युरिया पुरे.

सुरुवातीस गोणीत पाच-सहा इंच माती भरावी, तीवर तीन बटाटे (मोठे असल्यास दोनच) कोंब वर करून त्रिकोणात ठेवावेत आणि वर तीन-चार इंच माती पसरावी. दहा-पंधरा दिवसांत कोंब वर येतात. झाड वीतभर झाले की शेंड्याकडची तीन-चार इंच पाने उघडी ठेवून माती भरावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. साधारण 16 ते 18 इंच उंची झाली की भर संपली.

मनोऱ्याचा भ्रम

इथे चित्रफितीवाल्यांचे आणि आपले मतभेद सुरू होतात. ते म्हणतात, माती भरत जा, झाड वर येत जाईल, आणि मजल्यावर मजला बटाटा लागेल. प्रस्तुत लेखकानेही पहिल्या वर्षी दोन गोण्या जोडून तीन फुटांचा मनोरा केला होता. सात-आठ घमेली माती वाहिली. उलथल्यावर वरच्या दोन फुटांत नुसती मुळे होती. जे काय बटाटे होते ते तळाच्या वीतभरात.

असे का होते ते उसावरून समजते. आपण मोठी बांधणी करतो तेव्हा कितीतरी कांड्या मातीखाली जातात. म्हणून काय त्या प्रत्येक कांडीतून नवे फुटवे येतात? फुटवे यायचे ते सुरुवातीच्या दिवसांत, बुडाच्या जवळच्या डोळ्यांतून. बांधणीने बुडाला आधार मिळतो, नवा ऊस वाढत नाही. बटाट्याच्या झाडालाही जमिनीखालच्या अगदी खालच्या पेऱ्यांतून पांढऱ्या दोऱ्यासारख्या आडव्या फांद्या फुटतात, त्यांच्या टोकाला बटाटा धरतो. या फांद्या सुटण्याचा काळ लावणीनंतरच्या पहिल्या महिन्या-सव्वा महिन्याचा. तेवढ्या अवधीत दिलेली भर कामास येते. नंतर जून झालेल्या खोडावर कितीही माती टाका, त्यातून नव्या फांद्या फुटत नाहीत. विशेषतः 80-90 दिवसांच्या वाणांना तेवढा वेळच नसतो. उलट पाने मातीखाली गेली की झाडाचे अन्न कमी होते.

भर द्यायचीच ती दुसऱ्या एका कारणासाठी. बटाट्यावर उजेड पडला की तो हिरवा होतो, आणि हिरवेपणाबरोबर त्यात सोलानिन नावाचे विष वाढते. ते उकळून जात नाही. कडवट लागणारा, हिरवा पडलेला बटाटा जनावरांनाही घालू नये. म्हणून मातीवर शेवटी चार बोटे पाचटाचा थर द्यावा. पांढऱ्या गोणीच्या अंगातूनही थोडा उजेड आत जातो, त्यासाठी बाहेरून जुने तरट गुंडाळावे किंवा पाचटाच्या पेंढ्या लावाव्यात. पाचटाचा हा थर बटाट्यावरील पतंगालाही अडवतो. तो पतंग भेगांतून शिरून उघड्या बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालतो व अळी आत पोखरते.

पाणी, आणि गोणीच्या अंगावरची पांढरी फुली

पाण्याचा नियम सोपा. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओल लागली तर देऊ नये. थंडीत दोन-तीन दिवसांआड आणि जानेवारीनंतर बहुधा रोज सकाळी द्यावे लागते. लावणीपासून 35 ते 70 दिवस हा फुगवणीचा काळ, यात एकदा जरी माती कडक वाळली आणि मग एकदम भरपूर पाणी दिले तरी बटाटे चिरतात किंवा त्यांना गाठी येतात.

आता जे सांगायचे ते असे. काही घरांतल्या गोण्यांच्या बाहेरच्या अंगावर, मातीच्या वरच्या कडेला, महिन्याभरात पांढरी पूड दिसू लागते. पुसली तरी पुन्हा येते. पानांच्या कडा करपतात, झाड खुजे राहते. लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात. ती बुरशी नव्हे, मीठ आहे. गोणीला दिलेले पाणी उडून जाते आणि पाण्यातले क्षार मागे राहतात. गोणी विणलेली असल्याने ते अंगावर फुलून येतात.

याचे महत्त्व असे की, गोणीला जे पाणी दिले तेच पाणी आपण उसाला देतो. जमिनीत क्षार साठायला वर्षे लागतात आणि ते दिसतात तेव्हा पीक बसलेले असते. गोणीत चाळीसएक लिटर माती. तीत तेच साठणे दोन-तीन महिन्यांत डोळ्यांना दिसते.

शास्त्रीय आकडे पहा. मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता 1.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की बटाट्याचे उत्पन्न घटू लागते. उसाचेही तेथूनच घटू लागते. पण त्यापुढे क्षारता दर एककाने वाढली की बटाटा सुमारे 12 टक्क्यांनी घटतो व ऊस सुमारे 6 टक्क्यांनी. म्हणजे दोघांचा उंबरठा एकच, मात्र बटाटा दुप्पट वेगाने खाली येतो. उसात घट आहे हे आपल्याला एकदम कळत नाही. पाऊस कमी झाला, खत कमी पडले, खोडवा होता, अशी कारणे आपण सांगत राहतो. बटाटा तेवढी पडदेदारी ठेवत नाही. (मातीच्या तपासणीत बहुधा एकास अडीच प्रमाणाच्या द्रावणाचा आकडा देतात, तो यापेक्षा लहान येतो. दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते प्रयोगशाळेत विचारून घ्यावे.)

मात्र पांढरी पूड दिसली की विहीरच खारी असा ताबडतोब निष्कर्ष काढू नये. रासायनिक खत जास्त घातल्यानेही तसे होते. यासाठी एक युक्ती करावी. एका गोणीत रासायनिक खत मुळीच घालू नये, फक्त माती आणि शेणखत, प्रेसमडही नको. बाकी सगळे सारखे. तिच्या अंगावरही पूड आली तर पाण्याकडे बोट दाखवायला जागा आहे. शक्य असल्यास आणखी एका गोणीला नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे आणि दोघींची झाडे शेजारी-शेजारी पाहावीत.

मग पाण्याचा नमुना तपासायला न्यावा. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून नंतरचे पाणी घ्यावे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून तोंडापर्यंत भरावी, बूच घट्ट लावावे, चिठ्ठीवर नाव, गट नंबर, विहीर की बोअर, आणि तारीख लिहावी. तेलाची किंवा औषधाची बाटली नको. पाणी उन्हाळ्यात जास्त खारे असते, म्हणून एक नमुना आता आणि एक एप्रिल-मेमध्ये दिला तर चित्र पुरते कळते.

तोवर गोणी वाचवायची तर पंधरा दिवसांतून एकदा खालच्या भोकांतून चांगले वाहून जाईपर्यंत पाणी द्यावे. क्षार धुऊन जातात. गोणीत हे जमते कारण खाली भोके आहेत. शेतात तेच काम चर आणि जमिनीखालच्या निचरा नळ्या करतात. निचरा नसलेल्या रानात नुसते पाणी वाढवले तर क्षार धुपत नाहीत, उलट पाण्याची पातळी वर येऊन तेच क्षार वर चढतात.

रोग थोडक्यात

परसातल्या दहा-वीस झाडांना औषधांची सरबत्ती लागत नाही. पानांवर मावा दिसला तर हाताने चिरडावा किंवा निंबोळी अर्क फवारावा. करप्याचे डाग दिसले की ती पाने काढून जाळावीत. ढगाळ, दमट हवा चार दिवस टिकली तर मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम. पाणी सकाळी व मातीवर द्यावे, पाल्यावर नको. करप्याला हलके लेखू नये. आयर्लंडमध्ये 1845 पासून पुढे याच रोगाने बटाटा सलग बुडाला आणि दहा लाखांच्या आसपास माणसे भूक व रोगराईने दगावली. एकाच पिकावर, त्यातही एकाच वाणावर सगळे गाव विसंबले होते. झाड हिरवेगार असून दुपारी एकदम मान टाकू लागले तर ते गोणीतल्या मातीसह बाहेर काढावे व ती माती भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

काढणी

पाला पिवळा पडून लोळू लागला की पाणी बंद करावे. आठ-दहा दिवसांनी पाला बुडाशी कापावा आणि गोणी आणखी आठ दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे साल पक्की होते. ज्यांना धीर नाही त्यांनी साठाव्या-पासष्टाव्या दिवशी कडेने हात घालून दोन-चार बटाटे चोरून पाहावेत. त्याने झाडाला काही होत नाही, आणि त्या नव्या बटाट्याची नुसती मिठाची भाजीसुद्धा विसरता येत नाही.

गोणी ताडपत्रीवर उलथावी. खुरप्याचा, कुदळीचा घाव लागत नाही हा एक मोठाच फायदा. हे काम पोरांकडे द्यावे; घरात भांडणे होतील इतका त्यात त्यांना आनंद असतो. काढलेले बटाटे रात्री उघड्यावर पाल्याखाली झाकून ठेवू नयेत, पतंग त्यांवरच बसतो. सावलीत सुकवून, चिरलेले-हिरवे वेगळे काढून, अंधाऱ्या हवेशीर जागी ठेवावेत. खेड-मंचरकडे बटाटा आरणीत ठेवतात; आपल्या दहा-पंधरा किलोंना माजघरातल्या फळीखालची जागा पुष्कळ झाली.

दहा-पंधरा किलो का म्हणतो? कारण हिशेब खरा सांगितला पाहिजे. चांगल्या बेण्याच्या, वेळेवर लावलेल्या एका गोणीतून एक ते दीड किलो बटाटा निघतो. हात बसला की दोन किलो. दहा गोण्या म्हणजे दहा ते पंधरा किलो. पोतेभर बटाटा कोणी कबूल करील तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पैशाच्या हिशेबाने हा धंदा नाही. बटाटा बाजारात बहुतेक वर्षी स्वस्तच असतो. पहिल्या वर्षी चारच गोण्या लावाव्यात : दोन नेहमीच्या, एक बिनखताची, एक नळाच्या पाण्याची. निघालेला बटाटा प्रत्येक गोणीचा वेगळा तोलावा आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

पुढच्या वर्षासाठी यातले बेणे राखू नये, नवेच आणावे. रिकाम्या मातीत लगेच कोथिंबीर किंवा मेथी टाकावी. उन्हाळा लागण्याआधी एक काढणी निघून जाते. ज्या गोणीच्या अंगावर पांढरी पूड आली होती, तिची मूठभर माती कागदात बांधून पाण्याच्या बाटलीबरोबरच तपासणीस द्यावी.